मातीची बघणावळ

१

सकाळचा चहा झाला की आमच्या घरात दोन कामं बरोबरच सुरू होतात. एर्मेक मशीन खांद्याला अडकवून बिटाच्या रानात जातो आणि मी मीरिमला पाळण्यात बांधते. बांधते म्हणजे खरंच बांधते. हात अंगाशी सरळ, वरून रुंद पट्टा, गुडघ्यांवर दुसरा पट्टा. पाठीखालच्या गादीला मधोमध भोक असतं, त्याच्याखाली पाळण्याच्या फळीलाही भोक, आणि त्याच्याखाली जमिनीवर मातीचं गाडगं. पोर ओलं होत नाही आणि मला दिवसभर दुपटी धूत बसावं लागत नाही. वरून जाड चादर टाकली की आत अंधार होतो. मी अशीच वाढले, एर्मेकही असाच वाढला. हा पाळणा तर त्याच्या आजोबांचा. वाळुंजाच्या लाकडाचा, खाचेत खाच बसवलेला, एकही खिळा नसलेला.

मशीन म्हणजे जमिनीतला धातू शोधायचं, मोठ्या दिरांनी रशियातून पाठवलेलं. लांब दांडी, खाली थाळी. कानाला लावायचं होतं ते पहिल्याच आठवड्यात बिघडलं, त्यामुळे मशीन काय बोलतंय ते मला घरात बसूनही ऐकू येतं. लोखंड असलं की घोगरं, तांबं असलं की बारीक, कुंई. बीट निघालेलं, रान मोकळं आणि बर्फ अजून डोंगरावरच, हेच दिवस मशीनचे. खालच्या गावात एकाला नाण्यांचं मडकं सापडलं आणि त्यानं ट्रॅक्टर घेतला असं म्हणतात. आम्हाला सापडायची बाटल्यांची झाकणं, ट्रॅक्टरचे नट, रशियन काळातली कोपेकची नाणी, एकदा घोड्याचा नाल. सासूबाईंना आम्ही सगळे आपा म्हणतो. आपा त्याला रोज दारातच विचारायच्या, "आज कुणाचं भंगार उचललंस?"

त्या दिवशी तो थेट आत आला आणि माझ्या ओल्या हातावर एक नाणं ठेवलं.

रानातून निघालेलं तांबं हिरवं असतं, कुजलेल्या पानासारखं. हे स्वच्छ होतं. रोज कुणाच्या तरी बोटांत फिरत असल्यासारखं गुळगुळीत. अक्षर नाही, चित्र नाही. इकडच्या जुन्या नाण्यांना मधे चौकोनी भोक असतं. याला चौकोनी नव्हतं. एक लांबट चीर होती, दोन्ही टोकांना निमुळती, केस जेमतेम जाईल एवढी. आणि नाणं गार नव्हतं. एर्मेकच्या मुठीतून आलं होतं, म्हणून नसेल.

"कुठं मिळालं?"

"पार तिकडं, पाटाच्या कडेला. हातभर खाली. बघ, मातीसुद्धा लागलेली नाही."

त्यानं फोटो काढून शहरातल्या नाणेवाल्याला पाठवला. उत्तर लगेच आलं. नाणं नवीन आहे, खेळण्यातलं, असली आणू नका.

"हातभर खाली खेळणं पुरायला कोण बसलं होतं?" एर्मेक म्हणाला. "याच्याखाली खरी असणार."

"तू खणत बस," आपा म्हणाल्या आणि माझ्या हातातून नाणं घेतलं. "हे आमच्या चिमणीचं. आपल्याच रानानं पाठवलंय. मातीनं बघणावळ दिली म्हणायची."

आमच्यात नवं मूल नाहीतर नवी नवरी पहिल्यांदा बघायची असली, तर बघणाऱ्यानं आधी हातावर काहीतरी ठेवायचं. नोट, कापड, निदान साखरेची पुडी. ती घेतली की चादर वर करायची. आपांनी तस्संच केलं. नाणं मीरिमच्या छातीवर ठेवलं, चादर उचलली, उघड्या दारातून रानाकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "या, बघून घ्या आमची लेक."

आम्ही तिघंही हसलो. मग आपांनी नाणं मीरिमच्या टोपीला, दृष्टीच्या काळ्या मण्याशेजारी, पक्क्या दोऱ्यानं शिवून टाकलं.

२

गाडगं सरकलेलं मला पहिल्यांदा त्यानंतर दिसलं.

मीरिमला दूध पाजायला सोडलं, गाडगं काढायला हात खाली घातला, तर ते जागेवर नव्हतं. भोकाखालून बाजूला, पाळण्याच्या पायाशी नीट ठेवलेलं. जमिनीची फळी ओली झाली होती. मी मांजराला शिव्या दिल्या, फळी पुसली, गाडगं परत जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मांजर बाहेर होतं.

मग मी आपांना विचारलं. त्या कणीक मळत होत्या. "मी कशाला सरकवू? मला वाकायला होतंय का?" म्हणजे जमीन उतरती असेल. मी गाडग्याशेजारी कांदा ठेवून बघितला. कांदा होता तिथेच राहिला.

असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या? पोर पहिलं, झोप नाही, डोक्यात सारखं काहीतरी येतं. तिचा श्वास चालू आहे ना ते बघायला मी दिवसातून कितीदा चादर वर करते त्याचा हिशेब नाही. एर्मेक म्हणतो, गुल, तू तिला श्वाससुद्धा एकटीला घेऊ देत नाहीस. तेव्हा मी गप्प बसले आणि गाडगं जागेवर ठेवत राहिले.

पण हसण्याचं काय करायचं?

मीरिम हसायला नुकतीच लागली होती. तोंडासमोर तोंड नेलं, जीभ काढली, की खुदकन हसायची. एकदा मी चुलीपाशी होते, पाळण्यावर चादर होती, आणि आत ती हसली. मला बरं वाटलं. स्वप्नात हसत असेल. मग ती थांबली. मग परत हसली. परत थांबली. मी हातातला चमचा खाली ठेवला. स्वप्नात मूल असं हसत नाही. कुणीतरी काहीतरी करून दाखवतंय, ते झालं की ही दाद देते, आणि पुढच्याची वाट बघते, असं ते हसणं होतं.

मी चादर उचलली. आत तीच होती, पट्ट्यांत बांधलेली, पाठीवर. तिनं माझ्याकडे बघितलं. दोन माणसं बोलत असताना मधेच तिसरं आलं की बघतात तसं.

गाडगं बाजूला होतं. भोक मोकळं होतं.

त्याच दुपारी एर्मेकला दुसरं नाणं मिळालं. तसंच स्वच्छ, तसंच बिनअक्षराचं. फक्त चीर जरा रुंद होती. तांदळाचा दाणा गेला असता.

"हे पाटाजवळ नाही," तो म्हणाला. "रानाच्या मधोमध. आणि गंमत म्हणजे तिथनं मी परवाच मशीन फिरवलं होतं. काही नव्हतं."

"नीट फिरवलं नसशील," आपा म्हणाल्या आणि सुई शोधायला लागल्या.

"आपा, राहू दे ना," मी म्हणाले.

"का गं?"

आपांनी तेही शिवलं.

३

झेइनेप वहिनी म्हणजे शेजारची. उन्हाळाभर राजधानीत, बिश्केकला लेकीकडे होती, ती परत आल्या आल्या मीरिमला बघायला आली. दारातच माझ्या हातात फुलाफुलांचं कापड दिलं, तेव्हा कुठे पाळण्याकडे वळली.

"आधी बघणावळ, मग दर्शन. मी फुकट बघणाऱ्यातली नाही हं," असं म्हणून तिनं चादर उचलली. "अगं बाई. हिचं नाक तर आपांचं. बिचारी."

"माझ्या नाकानं तुझं काय खाल्लं?" आपा म्हणाल्या.

"आणि टोपीला हे काय? नाणी का?"

आपांनी हसत हसत सगळं सांगितलं. वहिनीही हसली. कणकेचं तळलेलं बोरसोक चहात बुडवून खाताना तिला तिच्या लग्नातली गोष्ट आठवली.

"माझा चुलतदीर होता बघ, तो म्हातारा, घोडेवाला. पडद्याआड मी बसलेली. यानं बघणावळ दिली सासूच्या हातात. सासू गडबडीत, ठेवली कनवटीला आणि विसरली. मला दाखवलंच नाही. पाहुणे उठले, गेले. हा आपला अंगणात बसून. सासू म्हणाली, बाबा रे, घरी जा. हा म्हणाला, दिलंय मी. जेवायला वाढलं, जेवला नाही. मग म्हणे उंबऱ्यापाशी येऊन बसला. मग आत, चुलीपाशी. कुणी काही बोलेना, बोलणार काय? त्याचा हक्क होता. शेवटी बघते तर पडद्याची खालची कड उचलून हा वाकून बघतोय. मी केवढी दचकले."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, बघितलं, आशीर्वाद दिला, गेला घोड्यावर बसून. बघायचंच होतं त्याला, दुसरं काय." तिनं आणखी एक बोरसोक उचललं. "पण सासूनं त्या दिवसापासून कानाला खडा लावला. घेतलं की दाखवायचं. नाहीतर माणूस जवळ जवळ येत राहतो."

आपा हसत होत्या. मी वहिनीचा पेला भरायला उठले.

पाटाची कड. मग रानाचा मध्य.

वहिनी गेल्यावर मी मनाला समजावलं. आपांनी चादर उचलली होती. दाखवलं होतं की. पण कुणाला दाखवलं? दाराकडे तोंड करून, वाऱ्याला. ज्यानं दिलं तो दारात उभा नव्हता. तो खाली होता. आणि पाळण्यातली पोर पाठीवर, तोंड छताकडे. खालून बघणाऱ्याला काय दिसणार? एक भोक, आणि गाडगं बाजूला केलं तर पाठीचा एवढासा तुकडा.

मी असला विचार करतेय हे बघून माझी मलाच लाज वाटली. खाली कोण असणार? माती असते, बिटाची मुळं असतात.

तिसरं नाणं जर्दाळूच्या झाडाखाली मिळालं. ते झाड अंगणाच्या कडेला आहे, न्हाणीच्या खिडकीतून हात काढला तर पान लागतं. चीर आता मधोमध फुगली होती. जर्दाळूची बी त्यात बरोबर बसली, एर्मेकनं बसवून दाखवली.

मी मीरिमला रोज झोपेतून उठताना बघते. पापण्या कशा कशा उघडतात ते मला माहीत आहे. मी ते नाणं त्याच्या हातातून घेतलं आणि पालथं करून ठेवलं. पण भोक दोन्ही बाजूंनी भोकच असतं.

४

"आता जरा घरातच फिरवतो," एर्मेक म्हणाला. "नाणी घराकडंच येतायत म्हटल्यावर." तो गंमत करत होता. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं.

त्यानं सतरंज्या गुंडाळल्या आणि फळ्यांवरून थाळी फिरवायला लागला. चुलीपाशी घोगरं. ते चुलीचं लोखंड. दारापाशी घोगरं. बिजागरी. फळ्यांचे खिळे ठिकठिकाणी कुरकुरले. मग तो पाळण्याजवळ आला आणि मशीन बारीक ओरडलं. कुंई. लांब, न थांबता.

"टोपी," मी म्हणाले. "टोपीची नाणी आहेत."

"हो की." तो हसला.

मी मीरिमच्या डोक्यावरची टोपी काढली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. परत आले. त्यानं थाळी पुन्हा पाळण्याखाली घातली.

कुंई.

"पाळण्याचे खिळे असतील."

"पाळण्याला खिळा नाही," आपा चुलीपाशी बसून म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. "तुझ्या आजोबांनी केलाय तो."

"मग फळीखाली काहीतरी आहे. सरक गुल, पाळणा बाजूला घेतो."

आम्ही दोघांनी पाळणा उचलला, मीरिमसकट, आणि खिडकीखाली ठेवला. एर्मेकनं मोकळ्या जागेवर थाळी फिरवली. मशीन गप्प. त्यानं परत फिरवली, आडवी, उभी. फळ्यांचे खिळे तेवढे कुरकुरले. तो माझ्याकडे बघायला लागला. मग तसाच दोन पावलं खिडकीकडे गेला आणि थाळी पाळण्याखाली सरकवली.

कुंई.

चुलीवरचं पाणी उकळत होतं, त्याचा आवाज येत होता. पाळण्यात मीरिम हसली. थांबली.

"सेल उतरलाय," एर्मेक म्हणाला. "सेल उतरला की असं करतं." त्यानं मशीन बंद केलं, खिळ्याला टांगलं आणि कोळसा फोडायला बाहेर गेला. कोळसा सकाळीच फोडून झाला होता.

मी मीरिमला पाळण्यातून काढलं आणि दिवसभर खाली ठेवलं नाही. हात भरून आले, मान धरली. मला माहेरी जावंसं वाटलं. बस मिळाली असती, आईनं काही विचारलंही नसतं. पण तिथेही जमीनच आहे.

५

मी टोपीची नाणी कात्रीनं काढली. दोरा कचाकच कापला, आपा समोर बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. मीरिमला त्यांच्या मांडीवर दिलं. पालथं ठेवलेलं नाणंही घेतलं. सगळी रुमालात बांधली, फावडं घेतलं, पाटाच्या कडेपर्यंत चालत गेले. जिथं एर्मेकनं पहिल्यांदा खणलं होतं ती जागा अजून खचलेली होती. तिथेच खोल पुरली. माती पायानं दाबली. "तुमचं तुम्हाला परत," असं म्हणाले. कुणी बघत नव्हतं तरी मोठ्यानं म्हणायला लाज वाटली, म्हणून पुटपुटले.

परत येताना हलकं वाटलं. रानात वारा होता, कुठेतरी गाई हंबरत होत्या. एर्मेकनं लांबून विचारलं, "काय पुरलंस?" मी म्हणाले, "तुझं भंगार." तो हसला, मीही हसले.

त्या दुपारी मी मीरिमला परत पाळण्यात घातलं. माझीच पाठ मोडली होती, आणि ती तिच्या पाळण्याशिवाय झोपत नव्हती. मी शेजारी बसून राहिले, एक हात गाडग्यावर ठेवून. गाडगं हललं नाही. मीरिम हसली नाही. ती छान झोपली, उठली, रडली, सगळ्या पोरांसारखी.

मी तिला सोडलं, गाडगं ओतायला बाहेर नेलं. पाण्याबरोबर तळाशी काहीतरी खळकन वाजलं.

माझा हात सबंध वेळ त्या गाडग्यावर होता.

नाणं स्वच्छ होतं. चीर आता चीर नव्हती. माझं बोट सहज आत गेलं. राहिली होती ती नुसती एक बारीक कड, पातळ, अंगठीसारखी.

आपा माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी नाणं बघितलं आणि ओट्यावर खाली बसल्या. "बघणावळ कुणी परत घेत नाही, सूनबाई," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक होतं. तू गेलीस तेव्हा बोलायला हवं होतं."

"मग आता काय करायचं?"

"मी गंमत केली गं."

"आपा, काय करायचं ते सांगा."

"बघायला आलेला माणूस वाईट नसतो," त्या म्हणाल्या. "पैसे दिलेत म्हणजे रीत पाळतोय. चोर असता तर दिले असते का? बघेल, आशीर्वाद देईल, जाईल. झेइनेपचा तो दीर गेला तसा."

"आणि नाही गेला तर?"

मी आत बघितलं. पाळणा खिडकीखाली रिकामा होता, चादर बाजूला पडलेली, आणि उन्हात त्या फळीचं भोक जमिनीवर उतरलं होतं, गोल, उजेडाचं.

पुढचं नाणं कुठं निघणार ते मला कळत होतं. गाडग्याच्या वर आता फक्त गादी होती. आणि गादीवर ती.

मी ठरवलं. त्यानं आत येऊन बघण्यापेक्षा मीच दाखवेन. माझ्या हातांनी, मी धरलेली असताना, भर उन्हात.

६

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी मीरिमला घेऊन रानात गेले. एर्मेक वरच्या बांधाला मशीन घेऊन होता, पाठमोरा. आपा दारात उभ्या होत्या. त्यांना मी येऊ दिलं नाही.

पाटाच्या कडेला खड्डा परत उघडा होता. मी नाणी पुरून माती दाबली होती, आणि माती कुणीतरी काढून ठेवल्यासारखी बाजूला होती. एर्मेकनंच खणलं असेल. त्याला विचारलं नाही. खड्डा गुडघाभर खोल, तळ सपाट. मी गुडघ्यांवर बसले.

पोर दाखवताना आपण तिला आपल्या कुशीत धरून तोंड समोर करतो. समोर कुणी नव्हतं. मी तिला पालथी केली. एक हात छातीखाली, एक पोटाखाली, आणि तशी खड्ड्यावर धरली, तोंड खाली. असं मूल कुणी कधी धरलेलं मी बघितलेलं नाही. मी कोपरं मांड्यांना टेकवली.

"ही मीरिम," मी म्हणाले. "बघून घ्या."

मीरिम रडली नाही. तिनं मान उचलली नाही. ती खाली बघत होती आणि तिचं अंग हळूहळू सैल पडत गेलं, ओळखीच्या माणसाकडे गेल्यावर पडतं तसं. मग ती हसली. मी डोळे मिटून घेतले. मला बघायचं नव्हतं. मला फक्त तिला धरून ठेवायचं होतं.

ती हलकी झाली.

कुणी आपल्या हातातलं मूल घेताना एक क्षण असा असतो की मूल दोघांच्या हातात असतं. आपले हात अजून खाली आहेत, पण वजन गेलेलं आहे. तसं. मी बोटं घट्ट रोवली. तिच्या अंगरख्याची कड कुणीतरी हलकेच ओढून सरळ केली. वारा असेल. तेव्हा वारा नव्हता.

मी मनात म्हणत होते, आशीर्वाद द्या आता. द्या आणि जा. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वजन परत आलं, इतकं अचानक की माझे हात खाली गेले. मी तिला ओढून छातीशी घेतलं आणि तेव्हा माझे डोळे उघडले.

खड्ड्यात कुणी नव्हतं. मातीच होती. पण तळाशी, मीरिमचं डोकं जिथं होतं त्याच्या दोन्ही बाजूंना, मातीत खळगे होते. लांब, शेजारी शेजारी. मळलेल्या कणकेत बोटं रुतवून काढली की खळगे सावकाश भरून येतात, तसे ते भरत होते. मोजायला मी थांबले नाही. पण एका बाजूला होते ते एका हाताचे असतील, तर त्या हाताला जास्त बोटं होती.

मी मीरिमचं तोंड बघितलं, हात बघितले, अंगरखा वर करून पाठ बघितली. काही नव्हतं. कुठेही काही नव्हतं. तिला भूक लागली होती, ती माझ्या कुशीत तोंड खुपसत होती. मी तिथेच मातीत बसून रडले, आणि रडताना मला बरं वाटत होतं. झालं होतं. बघून झालं होतं. गेले असतील.

तिला पाजतच मी उठून घराच्या वाटेला लागले. आपा अजून दारातच होत्या. मी लांबून मान हलवली, झालं म्हणून. त्यांनी दुआ झाल्यावर फिरवतात तसे दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

तेवढ्यात वरच्या बांधाला मशीन बोललं. कुंई.

एर्मेकनं दांडी सरकवली. कुंई. तो एक पाऊल पुढे गेला. कुंई. उजवीकडे, डावीकडे, मागे. जिथं थाळी नेली तिथं. बारीक आवाज रानभर पसरत गेला, एकाला लागून दुसरा. मूल झाल्याची बातमी गावात पसरते आणि मग सगळ्या वाटांनी बायका यायला लागतात, कुणाच्या हातात कापड, कुणाच्या हातात साखर, तसंच.

"गुल," एर्मेक हात हलवत ओरडला. तो हसत होता. "अगं, इकडं ये. सगळं रान भरलंय."

आपांनी दाराची चौकट धरली.

मीरिम दूध सोडून मान वळवून रानाकडे बघायला लागली होती. मला वाटलं बापाकडे बघतेय. मग माझ्या लक्षात आलं. ती बांधाच्या टोकाकडे बघायची, हसायची, आणि मग मशीन तिथं जाऊन वाजायचं. ती मधल्या सरीकडे बघायची. मग तिथं. एकदाही ती चुकली नाही.

मग तिनं रानावरची नजर काढली, मान खाली घातली, माझ्या दोन पावलांच्या मधल्या मातीकडे बघितलं आणि हसली. एर्मेक मशीन घेऊन अजून खूप लांब होता.